तिसरी घरी, चौथी ऑलिंपिकला! मग राष्ट्रीय स्पर्धा घेताच कशाला?

ऋतुगंध

जानेवारी २०१४. बोस्टनच्या टीडी गार्डनमध्ये अमेरिकेची राष्ट्रीय फिगर स्केटिंग स्पर्धा. शनिवारी ११ तारखेला रात्री महिलांची फ्री स्केट (आधी छोटा शॉर्ट प्रोग्राम, मग ही लांबची फेरी) संपली तेव्हा दोन्ही मिळून फलक असा होता: ग्रेसी गोल्ड २११.६९ गुण, पहिली. पंधरा वर्षांची पोलिना एडमंड्स १९३.६३, दुसरी. मिराई नागासू १९०.७४, तिसरी. आणि आधीची दोन वर्षं ओळीने अजिंक्यपद घेणारी ॲशली वॅग्नर १८२.७४ वर चौथी. त्या रात्री वॅग्नर दोनदा आपटली होती.

अमेरिकेत चौथ्या नंबरालाही पदक देतात, प्यूटरचं, म्हणजे बरंचसं कथिलाचंच. त्यामुळे पोडियमवर चौघी उभ्या राहतात. सोचीच्या ऑलिंपिकला अमेरिकेच्या तीन मुली जाणार होत्या. रविवारी संघ जाहीर झाला: गोल्ड, एडमंड्स आणि वॅग्नर.

म्हणजे कांस्यपदकवाली घरी आणि कथीलवाली रशियाला. तिसरी आणि चौथीत अंतर बरोबर आठ गुणांचं. दशांशात हार-जीत ठरणाऱ्या खेळात हे काही थोडंथोडकं नाही.

मला स्केटिंगमधलं फार कळत नाही, बघायला मात्र मनापासून आवडतं. माझा प्रश्न साधा आहे. मार्क बघून निवडायचं नसेल तर हा आठवडाभराचा घाट कशाला? निवड समितीने बंद खोलीत बसून नावं ठरवावीत आणि मोकळं व्हावं. जाणकारांनी उजेड पाडावा.

निर्लेप

सेटिंग. विषय संपला. धागा बंद करा.

उसळपाव

कथिलाचं पदक हा प्रकार पहिल्यांदाच ऐकला. म्हणजे आपलं उत्तेजनार्थ.

नियमावली

@ऋतुगंध, ही स्पर्धा म्हणजे निवड चाचणी असं तुम्ही धरून चाललात, तिथेच गाडी रुळावरून घसरते. अमेरिकन फेडरेशनच्या नियमांत पहिले तीन आपोआप ऑलिंपिकला असं तेव्हाही कुठे लिहिलेलं नव्हतं. निवड समिती वर्षभराची कामगिरी बघते. आदल्या वर्षीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, ग्रां प्री (मोसमातली आंतरराष्ट्रीय स्पर्धांची मालिका) आणि तिची फायनल, मग बाकीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा, आणि त्यात राष्ट्रीय स्पर्धाही आली.

आता वर्षभराचा हिशेब मांडा. मार्च २०१३ मध्ये कॅनडातल्या लंडनला जागतिक स्पर्धा झाली, त्यात वॅग्नर पाचवी आणि गोल्ड सहावी. डिसेंबर २०१३ मध्ये फुकुओकाला ग्रां प्री फायनल, तिथे जपानची माओ आसादा आणि रशियाची लिपनित्स्काया यांच्या मागे वॅग्नर तिसरी. नागासूच्या खात्यात त्या मोसमात मॉस्कोच्या ग्रां प्रीतलं कांस्य होतं. चांगलंच आहे, पण त्या तोलाचं नाही.

आणि एक मुद्दा कुणी लक्षात घेत नाही. ऑलिंपिकला कुठल्या देशाचे किती जण जाणार हे आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेवरून ठरतं. देशाच्या पहिल्या दोन खेळाडूंच्या क्रमांकांची बेरीज १३ किंवा त्याहून कमी आली तर तीन जागा. ५ अधिक ६ म्हणजे ११. म्हणजे ही तिसरी जागा अमेरिकेला मिळवून दिली वॅग्नर आणि गोल्ड यांनीच.

शंकासुर

तिकीट तिने काढलं म्हणून सीटही तिचीच? जागा देशाची असते, खेळाडूची नसते.

पैलवान गडी

शंकासुर, हे वाक्य आमच्या कोल्हापुरात बोलू नका. २०१६ विसरलात काय? नरसिंग यादवने २०१५ ला लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन ७४ किलोचा कोटा आणला. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला गडी. मग सुशीलकुमार म्हणाला, कोटा देशाचा, आमची कुस्ती लावा. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, कोर्टाने सुशीलची याचिका फेटाळली. त्यानंतर डोपिंगचं जे झालं ते झालं, त्यावर इथं बोलायला नको. पण कोटा आणणाऱ्याला तिथं मान दिला होता.

ठाणेकर_पूर्व

आणि २०२४ ला बरोबर उलटं झालं. आमच्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, भारताला पॅरिसचा कोटा त्याने मिळवून दिला. मग निवड चाचण्या झाल्या, त्यात संदीप सिंग आणि अर्जुन बबुता पुढे आले आणि तेच गेले. रुद्रांक्ष घरी. बबुता अंतिम फेरीत चौथा आला, म्हणजे निवड फसली असंही म्हणवत नाही.

म्हणजे आपल्याकडेही दोन्ही रीती चालतात. नेमबाजीत चाचणीचे मार्क अंतिम धरले, कुस्तीत कोटा आणणारा.

निर्लेप

आपल्याकडे नियम नसतात, संघटनेचे पदाधिकारी असतात.

बॉस्टनचा बाळ्या

त्या शनिवारी मी गार्डनमध्ये होतो म्हणून लिहितो.

टीव्हीवर कधीच कळत नाही ती गोष्ट म्हणजे आवाज. चांगला स्केटर वळताना पातं बर्फात रोवतो तेव्हा जाड कापड टरकावल्यासारखा आवाज येतो, वरच्या रांगेपर्यंत. कच्चा स्केटर असेल तर नुसतं खरखरतं. गोल्ड आली तेव्हा तो आवाज तर होताच, शिवाय उड्यांची उंची अशी की माझ्या शेजारच्या आजी दर उडीला माझा दंड धरायच्या. ओळख ना पाळख.

वॅग्नर दुसऱ्यांदा पडली तेव्हा लोक ओरडले नाहीत. सगळ्या स्टेडियमने एकदम श्वास आत घेतला आणि मग टाळ्या सुरू झाल्या, तिने उठून पुढची उडी मारावी म्हणून. तिने मारलीही. पण चेहऱ्यावर दिसत होतं की हिने मनात बेरीज करून टाकली आहे.

नागासूचा कार्यक्रम नेटका झाला. बाहेर पडताना आमच्या आजूबाजूच्या सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की संघ ठरला. दुसऱ्या दिवशी पुरुषांची फ्री स्केट बघायला परत आलो तर रांगेत सगळीकडे हीच चर्चा. चक्क भांडणं म्हणा ना.

बाकी त्याच रविवारी जेसन ब्राऊनने आयरिश संगीतावर जी फ्री स्केट केली ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी हा धागा सोडून आधी ती बघा. चार फेऱ्यांची एकही उडी नाही, तरी संगीत संपायच्या आधीच लोक उभे! जेरेमी ॲबट पहिला, ब्राऊन दुसरा, मॅक्स एरन तिसरा. पुरुषांच्या जागा दोनच, त्यामुळे आदल्या वर्षीचा अजिंक्यवीर एरन घरी राहिला आणि कुणी हूं की चूं केलं नाही. क्रमाने गेलं की ओरड होत नाही बघा.

थंडगार

बाळ्याभाऊ, प्रतिसाद आवडला. त्या आजींचं पुढे काय झालं?

बॉस्टनचा बाळ्या

मध्यंतरात त्यांनी मला गरम सूप पाजलं. आतमध्ये कुडकुडायला होतं हो, बर्फाचं मैदान आहे शेवटी. मी मुंबईच्या हिशेबाने जॅकेट घालून गेलो होतो.

एडिसनची माई

विषय निघालाच आहे तर कुणी बोलत नाही ते बोलते. नागासू जपानी वंशाची. आईवडिलांचं कॅलिफोर्नियात अर्केडियाला सुशीचं रेस्टॉरंट. निवडलेल्या तिघी सोनेरी केसांच्या. हे तेव्हा इथल्या पेपरांतही आलं होतं, मी नवीन काही सांगत नाही. वॅग्नर तर एनबीसी या इथल्या टीव्ही वाहिनीच्या सोचीच्या जाहिरातींत आधीपासूनच झळकत होती. जिचा चेहरा महिनोन् महिने दाखवलाय ती बाईच गेली नाही तर कसं चालेल? समितीने असा विचार केलाच असेल असं माझं म्हणणं नाही. पण आमच्यासारख्यांच्या मनात पाल चुकचुकली, ती चुकचुकणारच.

नियमावली

माईंच्या मनातली पाल समजू शकतो. पण वॅग्नरच्या बाजूचे आकडे पालीला बघून बदलत नाहीत. नावं झाकून दोघींचा वर्षभराचा तक्ता समोर ठेवला तर समितीने जे केलं तेच दहापैकी नऊ जण करतील.

एडिसनची माई

मग एडमंड्सचाही तक्ता ठेवा ना झाकून! त्या पोरीने तोवर सीनियर गटात एकही आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळली नव्हती. सोची हीच तिची पहिली. तिला बोस्टनच्या एका रात्रीवर घेतलं, आणि वॅग्नरची तीच रात्र माफ केली. दोघींना दोन तराजू?

शंकासुर

माई रॉक्स! नियमावली, आता बोला.

नियमावली

मुद्दा चांगला आहे, नाकारत नाही. उत्तर इतकंच की एडमंड्स दुसरी आली होती. दुसरीला वगळून तिसरीला घेणं आणखी अवघड. समितीला तीन नावांतलं एकच हलवायचं होतं, तर सगळ्यात कमी धक्का बसेल असं हलवलं.

माई_फॅन_क्लब

हा आयडी आत्ताच काढला.

पहाटपाचची आई

माझी लेक इथे बोस्टनजवळच्या एका रिंकवर शिकते. नावावरून वेळ कळलीच असेल. रिंकचं चांगलं बर्फ दुपारी हॉकीवाल्यांना जातं, स्केटिंगच्या मुलींना पहाट. चार वाजता उठायचं, गाडीवरचं बर्फ खरवडायचं, रिंकवर जाऊन परत बर्फच.

निवडीबद्दल नंतर लिहीन, आधी आठ गुणांबद्दल. ऋतुगंधताईंनी ‘मार्क’ म्हटलंय, पण हे मार्क कसे पडतात ते बघा. उदाहरण म्हणून लुट्झ नावाची उडी घ्या. उलट जाताना डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवरून उडायचं, उजव्या पायाच्या पुढच्या दात्यांनी बर्फात ठोका देऊन. सगळं अंग एका बाजूला वळत असतं आणि उडी दुसऱ्या बाजूला फिरते. पोरी शेवटच्या क्षणी नकळत आतल्या कडेवर येतात. आली की तो झाला फ्लिप, म्हणजे दुसरीच उडी, तिकडे कमी गुण. पातं जेमतेम चार मिलिमीटर रुंद, दोन कडांच्या मधे खोबण. कुठल्या कडेवर होती ते नुसत्या डोळ्यांनी मला आजही धड दिसत नाही. तांत्रिक पॅनल व्हिडिओ हळू करून बघतं. फेरी पाव वळणापेक्षा जास्त कमी पडली तरी कापतात. पडलात तर आणखी एक गुण वजा.

शिवाय सादरीकरणाचे गुण वेगळे, ते पंचांच्या मनावर. राष्ट्रीय स्पर्धेत हे गुण सढळ हाताने देतात ही या खेळात जगजाहीर गोष्ट आहे, आणि म्हणूनच आंतरराष्ट्रीय संघटना देशांतर्गत स्पर्धेतले गुण खेळाडूच्या अधिकृत वैयक्तिक सर्वोत्तम कामगिरीत धरतच नाही. गोल्डचे ते २११ बोस्टनच्या भिंतीबाहेर कुणी मोजले नाहीत.

तेव्हा एका रात्रीचे आठ गुण ही काळ्या दगडावरची रेघ मानायला मी तयार नाही.

चिंगी

पहाटपाचची आई, किती सोपं करून सांगितलंत. आणि ॲक्सल म्हणजे काय असतं? सारखं ऐकू येतं.

पहाटपाचची आई

@चिंगी, बाकी सगळ्या उड्या मागे जाताना घेतात, ॲक्सल एकटीच पुढे तोंड करून. उतरायचं मात्र मागेच, म्हणून अर्धी फेरी जास्त. ट्रिपल ॲक्सल म्हणजे साडेतीन. शिवाय पुढे बघत उडायचं म्हणजे आपण कुठे आपटणार ते समोर दिसत असतं. लेकीची साधी एक ॲक्सल, म्हणजे दीड फेरी, बसायला वर्षाच्या वर लागलं. कंबरेवरचे काळे-निळे डाग बघून आमच्या सासूबाईंनी फोनवर मला फैलावर घेतलं होतं.

अवांतरराव

अवांतर: आपल्याकडे हे सगळं चाकांवर चालतं हे कितीजणांना माहीत आहे? आर्टिस्टिक रोलर स्केटिंग. त्याच उड्या, त्याच गिरक्या, तेच ॲक्सल आणि लुट्झ, फक्त खाली सिमेंट किंवा लाकूड. हैदराबादच्या अनुपकुमार यामाने २०१० च्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत यात कांस्य आणलं, एकेरीत आणि अवनी पांचाळबरोबर जोडीतही. पुण्या-मुंबईत सोसायटीच्या आवारात गुडघ्याला पॅड बांधून फिरणारी एवढी पोरं, त्यातल्या किती जणांच्या आईबापांना ही नावं ठाऊक असतील?

बर्फावरही आपली एक आहे, तारा प्रसाद. अमेरिकेत वाढली, खेळते भारतातर्फे.

उसळपाव

अवांतररावांचं अवांतरच धाग्यात सगळ्यात उपयोगी असतं.

काडेपेटी

नियमावली आणि पहाटपाचच्या आई दोघंही समितीवर भाळलेत. आता माझी काडी. त्याच अमेरिकेत ॲथलेटिक्सवाले काय करतात? चाचणी, पात्रता निकष पार केलेले पहिले तीन, बस. समिती वगैरे भानगड नाही. १९९२ ला डॅन ओब्रायन डेकॅथलॉनचा (दहा प्रकारांची एकत्र स्पर्धा) जगज्जेता. बूट कंपनीने त्याच्यावर कोट्यवधींची जाहिरात मोहीम काढलेली. न्यू ऑर्लिन्सच्या चाचणीत पोल व्हॉल्टमध्ये सुरुवातीची उंची तिन्ही प्रयत्नांत चुकला, त्या प्रकारात शून्य गुण. घरी बस म्हणाले, बसला. बार्सिलोना हुकलं. जाहिरात कंपनी रडली असेल, पण कुणी कोर्टात गेलं नाही की कुणाच्या केसांचा रंग निघाला नाही.

नियमावली

आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याच ओब्रायनने फ्रान्समध्ये तालांसला जागतिक विक्रम केला! म्हणजे जगातला सगळ्यात चांगला डेकॅथलीट घरी बसवून अमेरिका ऑलिंपिकला गेली. हे तुमच्या बाजूचं उदाहरण आहे की माझ्या?

काडेपेटी

दोघांच्याही. म्हणून तर काडी म्हणालो. १९९६ ला अटलांटात त्याने सुवर्ण घेतलं. चार वर्षं थांबला, पण ‘का’ असं विचारावं लागलं नाही त्याला.

सदस्य_जुने

बोस्टनच्या आधीही असे अपवाद झालेत, पण ते दुखापतीचे. १९९४ ला डेट्रॉइटला सरावानंतर नॅन्सी केरिगनच्या गुडघ्यावर हल्ला झाला, ती खेळलीच नाही. टोन्या हार्डिंग पहिली, तेरा वर्षांची मिशेल क्वान दुसरी. केरिगनला जागा दिली, क्वान राखीव राहिली. केरिगनने लिलेहामरला रौप्य घेतलं. हार्डिंगचं ते राष्ट्रीय अजिंक्यपद पुढे काढून घेतलं गेलं.

मग २००६ ला त्याच क्वानच्या बाजूने फिरलं. दुखापतीने राष्ट्रीय स्पर्धा खेळली नाही, अर्ज केला, तुरिनच्या संघात घेतलं. तिथे पहिल्याच सरावात दुखणं उलटलं, माघार घेतली, आणि राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी आलेल्या एमिली ह्यूजला घाईघाईने बोलावलं.

वॅग्नरला मात्र दुखापत नव्हती. धडधाकट होती आणि वाईट खेळली. म्हणून २०१४ चं लोकांना झोंबलं.

निर्लेप

तेरा वर्षांच्या पोरीला ‘तुझी पाळी पुढच्या वेळी’ सांगायचं. छान.

शंकासुर

आता मुद्द्याची गोष्ट. सोचीत काय झालं ते कुणीच लिहिलं नाही. गोल्ड चौथी, वॅग्नर सातवी, एडमंड्स नववी. एवढा राडा करून नेलेली सातवी आली. नागासू २०१० ला व्हँकूवरला सोळाव्या वर्षी चौथी आली होती.

नियमावली

सातवी वाईट का? शिवाय सांघिक स्पर्धा त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा झाली, त्यात अमेरिकेला कांस्य. वॅग्नरने त्यात शॉर्ट प्रोग्राम केला, गोल्डने फ्री.

चिंगी

गुण ऐकून वॅग्नरने केलेला तो चेहरा म्हणजे त्याच स्पर्धेतला ना! अजून मीम फिरतं. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर अप्रेझलच्या महिन्यात हमखास येतं.

थंडगार

सोचीत सातवी आली ते ठीक. पण मार्च २०१६ ला जागतिक स्पर्धा कुठे होती? बोस्टन. त्याच टीडी गार्डनमध्ये. शॉर्टनंतर गोल्ड पहिली होती, शेवटी चौथी झाली. आणि वॅग्नरला रौप्य. २००६ नंतर पहिल्यांदा अमेरिकन बाईला जागतिक पदक. दोन वर्षांपूर्वी जिथे दोनदा आपटली, तिथेच.

बॉस्टनचा बाळ्या

त्या वेळी तिकिटं मिळाली नाहीत. जखमेवर मीठ नको.

काडेपेटी

थंडगार, २०१६ चं पदक दाखवून २०१४ ची निवड बरोबर ठरत नाही. नागासूला सोचीला पाठवलं असतं तर ती काय करती हे कुणाला माहीत?

एडिसनची माई

नागासूने काय केलं ते मी सांगते. रडली, मग सामान बांधून कोलोरॅडो स्प्रिंग्जला गेली, नवा कोच धरला आणि विशी ओलांडल्यावर ट्रिपल ॲक्सल शिकायला घेतली. या खेळात त्या वयात मुली निवृत्त होतात! फेब्रुवारी २०१८ ला प्योंगचांगच्या सांघिक स्पर्धेत मारून दाखवली. मिदोरी इतो आणि माओ आसादानंतर ऑलिंपिकमध्ये ती मारणारी तिसरी, अमेरिकेची पहिली. मी स्वयंपाकघरात उभी राहून बघत होते, दूध उतू गेलं.

आणि गंमत म्हणजे सोची हुकलेला तिचा मित्र ॲडम रिपन. २०१४ ला दोघं घराच्या छपरावर बसून बर्गर खात दुःख करत होती, हे त्यानेच सांगितलंय. चार वर्षांनी दोघं एकाच संघात कांस्यपदक गळ्यात घालून.

शंकासुर

माई, गोष्ट सुंदर आहे, पण त्या रिपनची निवडही सांगा की! जानेवारी २०१८, सॅन होजे. पुरुषांत नेथन चेन पहिला, रॉस माइनर दुसरा, व्हिन्सेंट झोउ तिसरा, रिपन चौथा. आणि गेले कोण? चेन, झोउ, रिपन. या वेळी तिसराही नाही, चक्क रौप्यपदकवाला घरी! मग तेव्हा माईंची पाल कुठे होती?

एडिसनची माई

पाल तिथेच होती रे, पण मला रिपन आवडतो.

उसळपाव

धाग्यातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य.

सदस्य_जुने

त्याच सॅन होजेला महिलांत ब्रॅडी टेनेल पहिली, नागासू दुसरी, कॅरेन चेन तिसरी आणि चौथी कोण? ॲशली वॅग्नर. परत कथील. या वेळी समितीने क्रम पाळला, वॅग्नर घरी. सादरीकरणाचे गुण कमी दिले म्हणून ती पंचांवर जाम भडकली, आणि जाहीरपणे भडकली.

२०१० ला स्पोकेनमध्ये ती तिसरी होती आणि जागा दोनच. तेव्हा तिच्यापुढे दुसरी येऊन व्हँकूवरला गेलेली कोण, तर नागासू.

थंडगार

बाप रे. तीन ऑलिंपिक, दोघीच. हे माहीत नव्हतं.

पहाटपाचची आई

निवडीबद्दल लिहीन म्हटलं होतं. मला वाटतं २०१४ आणि २०१८ दोन्ही वेळा आकडे बघून केलेली निवड पटण्यासारखी आहे. माइनरची आंतरराष्ट्रीय कामगिरी रिपनपेक्षा खूपच फिकी होती. पण पोरांच्या बाजूने बघा. रौप्यपदक गळ्यात, रात्रभर फोन खणखणतायत, आजी-आजोबा अभिनंदन करतायत, आणि मग समितीचा निरोप येतो. रिंकवरच्या आयांना यातलं एकच खुपतं, खेळाडूला आधी माहीत नसतं की आज आपल्याला किती करायचंय. नागासूला बोस्टनला निघण्याआधी सांगितलं असतं की बाई, वॅग्नरला मागे टाकून चालणार नाही, तुला दुसरीच यावं लागेल, तर ती त्या हिशेबाने खेळली असती. अवघड उडी घातली असती, पडली असती, काहीही. पण तिचा निर्णय असता.

काडेपेटी

+१. हेच मी ओब्रायनच्या निमित्ताने म्हणत होतो, तुम्ही नीट मांडलंत.

नियमावली

निकष छापलेले होते, पहाटपाचची आई. मात्र कुठल्या स्पर्धेला किती वजन, हे समितीच्या हातात राहतं, आणि तेवढं मोकळं ठेवावंच लागतं. सगळं सूत्रात बांधलंत तर आजारी पडलेला, बूट फाटलेला, सगळे गेले.

२०२२ चं तर विसरूच नका. नॅशव्हिलला सतरा वर्षांचा इलिया मालिनिन दुसरा आला. त्याला न घेता चौथ्या आलेल्या जेसन ब्राऊनला घेतलं. ब्राऊन बीजिंगला सहावा आला, निवड वाया गेली नाही. आणि मालिनिनने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेक प्लॅसिडला जगात पहिल्यांदा चार फेऱ्यांचं ॲक्सल मारलं, पुढे २०२४ आणि २०२५ ला जगज्जेता झाला. आता सांगा, समिती चुकली की बरोबर?

पैलवान गडी

चुकली. ज्याची पाठ लागली नाही त्याला घरी पाठवायचं नसतं.

ठाणेकर_पूर्व

नाही चुकली. बीजिंगला सहावा क्रमांक ही निवड समितीची पावती. मालिनिनचं वय पळून चाललं नव्हतं.

निर्लेप

क्वानलाही हेच सांगितलं होतं. वर वाचा.

संपादक

चर्चा छान चालू आहे. सोनेरी केसांवरून काही सदस्यांनी केलेले वैयक्तिक शेरे उडवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा.

ऋतुगंध

सगळ्यांचे आभार, एवढं ज्ञान मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद हे आपल्या जागी पूर्ण आहे आणि निवड वेगळी, इथवर पटलं. नागासूचं २०१४ चं कांस्य सोचीला न जाताही कांस्यच राहिलं, ते कुणी काढून घेतलं नाही. पण मग दोन्ही एकाच आठवड्यात, एकाच शहरात, पदकं दिल्यावर बारा-पंधरा तासांत कशाला उरकायचं? जपानमध्ये निदान अजिंक्यवीराची जागा तरी पक्की असते. अमेरिकेनेही तेवढी एक जागा पक्की करावी, बाकी दोन समितीने घ्याव्यात, आणि वजन किती ते मोसम सुरू व्हायच्या आधी सांगावं. पहाटपाचच्या आईंचा मुद्दा मला सगळ्यात पटला.

नियमावली

एवढ्यावर सही करायला तयार आहे.

शंकासुर

मी नाही. पहिले तीन. पूर्णविराम.

माई_फॅन_क्लब

माईंनी सांगितलं तर पहिले तीन. माईंनी रिपन सांगितला तर रिपन.

चिंगी

ते चार फेऱ्यांचं ॲक्सल म्हणजे साडेचार फेऱ्या ना? यूट्यूबवर हळू करून तीनदा मोजल्या, माझ्या दर वेळी वेगळ्याच येतायत.

पहाटपाचची आई

हो, साडेचार. मोजायच्या असतील तर पायांकडे बघू नका, छातीवरचं डिझाइन किती वेळा समोर आलं ते मोजा. आमच्या रिंकवर सगळ्या आया तसंच मोजतात.